काउबॉयचे वाङ्मय आणि वैरणीची गंजी

उत्तर अमेरिकेच्या थंड माळांवरील गुरांविषयी जे वाङ्मय निर्माण झाले आहे त्याचा परामर्श घेण्याचे आम्ही बरेच दिवस टाळीत आलो. कारण उघड आहे. ही गुरे दुधासाठी पाळलेली नव्हेत आणि नांगरासाठी तर नव्हेतच. ती मांसासाठी पाळलेली. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी वसुबारसेस गाय-वासराची पूजा होते, आणि ज्यांच्या घरी होत नाही त्यांनाही हा विषय चारचौघांत काढणे रुचेलच असे नाही. तथापि वॉलेस स्टेग्नर यांचा १९६२ साली प्रसिद्ध झालेला 'वुल्फ विलो' हा ग्रंथ दुसऱ्यांदा वाचीत असता आमच्या ध्यानात असे आले, की जनावर मारावे की न मारावे हा प्रश्न त्यात कोठे उपस्थितच होत नाही. तो तेथे सुटलेला, किंबहुना कधी पडलेलाच नसलेला प्रश्न आहे. उपस्थित होतो तो निराळाच प्रश्न: मरेपर्यंत त्या जनावरास खाऊ कोणी घालावयाचे? आणि हा प्रश्न मात्र आपल्या परिचयाचा आहे. दुष्काळात दावणीचे जनावर विकावे की आणखी एक पेंढी उसनी आणावी, या विवंचनेत ज्यांचे आजे-पणजे रात्र रात्र जागले त्यांस तो परका वाटू नये.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या वाङ्मयाने घोड्यावरच्या माणसाची कीर्ती गायिली आणि वैरणीच्या गंजीकडे पाठ फिरविली. परंतु त्या प्रदेशातील गुरांचा सारा इतिहास गंजीनेच ठरविला. म्हणून या विषयावरील कोणताही ग्रंथ हाती आला की त्यात वाळले गवत कोठे आहे, हे आम्ही प्रथम पाहतो. ही कसोटी कोणास हास्यास्पद वाटेल. ती तशी नाही, हे दाखविण्याचा पुढे यत्न करू.

प्रथम ज्या ग्रंथाने काउबॉयला नायकपद दिले तो ओवेन विस्टर यांचा 'द व्हर्जिनियन' (१९०२) घ्या. वायोमिंगच्या माळावरील हा तरुण देखणा आहे, मितभाषी आहे, वेळ आली तर पिस्तूल काढणारा आहे. व्हरमाँटहून आलेली शिक्षिका मॉली त्याच्यावर अनुरक्त होते, शेवटी खलनायकाशी झुंज होते आणि विवाहही होतो. चारशेहून अधिक पृष्ठांच्या या कादंबरीत गुरे किती आहेत? फार थोडी. गुरांच्या चोरीमुळे माणसे फासावर जातात, पण ज्या जनावरासाठी हे प्राण गेले ते काय खाते, कोठे पाणी पिते, फेब्रुवारीत कोठे उभे असते, याचा पत्ता वाचकास लागत नाही. गाईंवाचून गुराखी, असे या प्रकाराचे वर्णन टीकाकारांनी पूर्वीच केले आहे, आणि ते यथार्थ आहे. त्यानंतर शेकडो कादंबऱ्या व बोलपट याच साच्यात ओतले गेले.

असे का झाले असावे? एक कारण त्या धंद्यातच होते. जे काम घोड्यावर बसून होत नाही ते करावयास काउबॉय नाखूष असे, ही गोष्ट त्या काळच्या अनेक आठवणींत आढळते. गवत कापणे, वाळविणे, काट्याने उचलून गंजी रचणे ही पायउतार माणसाची कामे. ती त्यास कमीपणाची वाटत. लेखकांनी नायकाचा हा अहंकार जसाच्या तसा उचलला. आमच्याकडील ऐतिहासिक कादंबऱ्यांतही घोडदौडी पुष्कळ होतात. घोड्यांना चंदी कोण देतो ते सहसा कळत नाही.

दुसरे कारण अर्थशास्त्राचे आहे, आणि त्यालाही एक ग्रंथ आहे. जेम्स ब्रिस्बिन नावाच्या सेनाधिकाऱ्याने १८८१ साली 'द बीफ बोनान्झा' या नावाचे पुस्तक काढले. माळावर गुरे सोडून श्रीमंत कसे व्हावे, हे सांगणे हा त्याचा उद्देश. त्या काळी असा समज होता, की माँटाना-वायोमिंगकडील आखूड गवत उन्हाळ्याच्या शेवटी जागच्या जागीच वाळते, त्यातील कस टिकून राहतो, वाऱ्याने बर्फ उडून जाते आणि गुरे बारा महिने आपली आपण चरतात. यात सत्यांश होता. ते गवत खरोखरच उभ्या उभ्या वाळून पौष्टिक राहते. परंतु सत्यांशावर सारा धंदा उभारला गेला. जमीन सरकारी, गवत फुकट, गोठा नको, गंजी नको. खर्च म्हणून काय तो थोड्या गुराख्यांच्या पगाराचा. मग नफ्याची गणिते कागदावर वाढत गेली. एडिंबरो, डंडी, लंडन येथील भांडवल या माळांवर लोटले. कळपांची खरेदी-विक्री प्रत्यक्ष डोकी मोजून न होता वहीतील आकड्यांवरून होऊ लागली; मागील वर्षी इतकी गुरे, त्यात इतकी वासरे मिळवा, इतकी मेलेली वजा करा, की झाली यंदाची संख्या. ज्या गाई कोणी पाहिल्या नव्हत्या त्या वहीत विऊ लागल्या! 'बीफ बोनान्झा' आज वाचण्यासारखे पुस्तक आहे ते याचसाठी. कादंबरीकाराची कल्पनाशक्ती फार तर माणसे निर्माण करते; या ग्रंथकाराच्या कल्पनाशक्तीने कळपच्या कळप निर्माण केले.

१८८६-८७ च्या हिवाळ्याने ही वही फाडली. आधीचा उन्हाळा कोरडा गेला होता, माळावर गुरांची गर्दी झाली होती, आणि गवत हिवाळ्यापूर्वीच खुडले गेले होते. नोव्हेंबरातच बर्फ पडले. मधूनच थोडे वितळे आणि पुन्हा गोठे, तेणेकरून माळावर बर्फाचे कवच धरले. जानेवारीत मोठी हिमवादळे आली. वसंतात जेव्हा मोजदाद झाली तेव्हा माँटाना व डकोटातील कित्येक कळपांत निम्म्याहून अधिक जनावरे गेली होती. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांचाही डकोटात कळप होता. त्याचा मोठा भाग याच हिवाळ्यात गारद झाला.

या उत्पाताचे सर्वांत थोर चित्रण कोणत्याही ग्रंथात नाही, ते पोस्टकार्डाएवढ्या एका पुठ्ठ्यावर आहे. चार्ल्स मेरियन रसेल हा तेव्हा बावीस वर्षांचा गुराखी माँटानाच्या ज्यूडिथ खोऱ्यातील एका रँचवर हिवाळा काढीत होता. हेलेना येथील मालकाने पत्राने विचारणा केली, की आमच्या गुरांची स्थिती कशी आहे. मुकादमाला उत्तर कसे लिहावे ते सुचेना. रसेलने जलरंगांत एक गाय काढली: पाठीची कमान झालेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, बर्फात उभी, आणि भोवती वाट पाहत बसलेले लांडगे. खाली शब्द लिहिले ते एवढेच, की ही चिनूकची वाट पाहत आहे. चिनूक म्हणजे रॉकी पर्वतावरून पूर्वेस उतरणारा उष्ण, कोरडा वारा. तो सुटला की काही तासांत माळावरचे बर्फ जाते. हे चित्र मालकाकडे गेले आणि पुढे 'पाच हजारांतील शेवटची' या नावानेही प्रसिद्धी पावले. रसेल त्यायोगे नावारूपास आला, तो पश्चिमेचा चित्रकार म्हणूनच १९२६ साली वारला.

या चित्राविषयी रसिक बहुधा लांडग्यांबद्दल बोलतात. आमची दृष्टी मात्र त्यात जे नाही तिकडे जाते. त्यात कुंपण नाही, गोठा नाही, माणूस नाही, आणि क्षितिजापर्यंत गवताची एक काडी नाही. लांडगे हे मृत्यूचे कारण नव्हेत. ते केवळ प्रेक्षक आहेत, चित्र पाहणाऱ्यासारखेच. वीसबावीस वर्षांच्या, चित्रकलेचे शिक्षण न घेतलेल्या पोराने मालकाच्या हिशेबाला दिलेले हे उत्तर आहे. वहीत पाच हजार. प्रत्यक्षात एक, तीही आणखी किती दिवस कोण जाणे. एवढी नेमकी टीका 'बीफ बोनान्झा'वर दुसऱ्या कोणी केली असेल असे आम्हांस वाटत नाही.

त्याच प्रदेशातील एक मोठे पशुपालक ग्रॅनव्हिल स्टुअर्ट यांच्या आठवणी त्यांच्या मृत्यूनंतर १९२५ साली दोन भागांत निघाल्या. त्यात या हिवाळ्याबद्दल त्यांनी जे म्हटले आहे त्याचा आशय असा: जो धंदा आजवर मोहक वाटे तो एकाएकी किळसवाणा वाटू लागला, आणि ज्यास आपण खाऊ घालू शकत नाही व आसरा देऊ शकत नाही असे एकही जनावर पुन्हा आपल्या मालकीचे असू नये, असे मनाने घेतले. हे स्टुअर्ट काही हळवे गृहस्थ नव्हते. घोडेचोरांना स्वतः जमाव करून फासावर देणाऱ्यांचे ते पुढारी होते. अशा माणसाच्या लेखणीतून हे वाक्य आले म्हणून त्याचे मोल अधिक.

येथे गाईच्या शरीराविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, नाहीतर पुढील विवेचन अधांतरी राहील. थंडीने गाय मरते असे आपण समजतो. वस्तुतः ती भुकेने मरते. हिवाळ्याची दाट, कोरडी लव अंगावर असलेली धष्टपुष्ट गाय शून्याखाली सात-आठ अंश सेल्सियसपर्यंत थंडी विशेष श्रमावाचून सोसते. त्याखाली पारा गेला की तिला देहाची ऊब राखण्यास अधिक अन्न लागते. जाणत्यांचा ठोकताळा असा, की फॅरनहाइटच्या दर अंशामागे सुमारे एक टक्का. उणे ३० सेल्सियसला म्हणजे जवळजवळ ४० टक्के वाढ झाली. हीच लव भिजली तर पंधरा अंशांवरच तिला थंडी बाधू लागते. म्हणून कोरड्या थंडीपेक्षा ओले बर्फ व वारा हेच तिचे खरे वैरी. आणि ही ऊब येते कोठून? रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात अब्जावधी सूक्ष्म जीव गवत आंबवीत असतात, त्या आंबण्यातच उष्णता निर्माण होते. वाळले गवत हे त्या भट्टीचे सरपण होय. सहाशे किलो वजनाच्या गाईस दिवसाला बारा-तेरा किलो वाळली वैरण लागते, कडाक्यात त्याहून अधिक. घोडा खुराने बर्फ उकरून खालचे गवत काढतो; गाय नाकाने ढकलते. बर्फ भुसभुशीत असेल तोवर तिचे चालते, कवच धरले की नाक व नडग्या सोलून निघतात आणि ती उभी राहते. रसेलची गाय अशी उभी आहे. तिच्या खुरांखाली कदाचित गवत असेलही.

आता 'वुल्फ विलो'. स्टेग्नर यांचा जन्म १९०९ चा. बालपणीची १९१४ ते १९२० ही वर्षे त्यांनी कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील ईस्टएंड या गावी, सायप्रस डोंगराळ मुलखाच्या पायथ्याशी, काढली. वडिलांनी सरहद्दीलगत गव्हाची शेती करून पाहिली. अवर्षणाने ती बुडाली आणि कुटुंब निघून गेले. पुढे कादंबरीकार व अध्यापक म्हणून कीर्ती मिळाल्यावर ते त्या गावी परतले आणि या ग्रंथाची रचना झाली. गावाचे नाव त्यांनी बदलून व्हाइटमड केले आहे. ग्रंथाची घडण विलक्षण आहे: आठवणी, इतिहास आणि त्यांच्या मधोमध १९०६-०७ च्या हिवाळ्यावरची दोन काल्पनिक कथानके. इतिहासकाराला हे खटकेल, कथावाचकाला इतिहास लांबल्यासारखा वाटेल. आम्हांस मात्र हा संकर आवश्यक वाटतो. तो हिवाळा स्टेग्नर यांच्या जन्मापूर्वीचा. त्याच्या आठवणी इतरांच्या, आकडे सरकारचे. उणे चाळिसात माणसाची बोटे कशी होतात हे सांगण्यास कल्पनेचीच गरज होती.

पहिल्या कथेचे नाव 'जेनेसिस'. रस्टी कलन हा एकोणीस वर्षांचा इंग्रज तरुण पराक्रमाच्या हौसेने टी-डाउन रँचवर येतो. नोव्हेंबर उजाडला आहे. मुकादम रे हेन्री आणि त्याचे गडी माळावर विखुरलेली वासरे गोळा करून रँचवर आणावयास निघतात. मोठी गुरे हिवाळा माळावर काढतील, वासरांना मात्र घरी वैरण घालावी लागेल, म्हणून ही दौड. मग हिमवादळ येते, पुन्हा येते. तंबूत कोंडून घेतलेल्या माणसांची चिडचिड, शिवीगाळ, मारामारी. शेवटी कळप वाऱ्यावर सोडून देऊन माणसे स्वतःचा जीव वाचविण्यासाठी आसऱ्याच्या दिशेने चालू लागतात. ज्या स्पर्लॉकशी रस्टीचे हाडवैर जमले आहे त्यालाच तो वादळात सावरतो. शेवटी त्याला उमगते, की अन्यत्र ज्यास शौर्य म्हणतील ते येथे रोजचे पडेल ते काम एवढेच होते.

ही कथा श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. थंडीचे असे वर्णन आमच्या वाचनात क्वचित आले असेल. वाचीत असता मुंबईच्या मे महिन्यातही आम्ही पाय आखडून घेतले, हे कबूल केलेले बरे. काउबॉयच्या अंगावरचा सारा मुलामा स्टेग्नर खरवडून काढतात. पिस्तुलाचा बार नाही, प्रणय नाही, आहे तो ओला लोकरी मोजा आणि न पेटणारी चूल. विस्टरच्या कादंबरीनंतर साठ वर्षांनी त्या नायकाला प्रथमच थंडी वाजली.

तरीही आमची तक्रार आहे, आणि ती लहान नाही. कथेच्या आरंभी एका वृद्ध रहिवाशाची आठवण दिली आहे. तिचा मथितार्थ असा, की १९०६ चा उन्हाळा अतिशय ओला गेला, त्यामुळे गवत कापून घरात घेणे कठीण झाले. मग नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात बर्फ आले, आणि डिसेंबरातच माळावरची गुरे मरू लागली. म्हणजे कथेचे सारे दैव प्रथमच गवतावर येऊन बसले आहे. पावसात कुजलेल्या त्या गवताने पुढचा हिवाळा ठरविला. ज्याने गंजी रचली तो तरला, ज्याची गंजी काळी पडली तो गेला. परंतु पुढे कथा सुरू होते आणि गवत दृष्टीआड होते. घोडे, माणसे, वादळ. वादळ, माणसे, घोडे. वासरे कशासाठी आणावयाची होती हेही वाचक विसरतो. कळप सोडून दिला जातो त्या क्षणी आम्हांला हायसे वाटते, कारण आता माणसे वाचतील. वाऱ्यामागे पाठ करून चालू लागलेली ती वासरे कोठे गेली असतील, हा विचार दोन पृष्ठांनंतर येतो आणि आपलीच लाज वाटते. ग्रंथकाराने ही लाज मुद्दाम योजिली असेल काय? आमच्या मते नाही. तो स्वतःच त्या तरुणाबरोबर वाहवत गेला आहे. 'रोजचे काम' हा शेवटचा शब्द त्याने अचूक हेरला, पण गुरांच्या घरी रोजचे काम म्हणजे काय? सकाळी उठून वैरण घालणे, पाण्यावरचे बर्फ फोडणे, पुन्हा सायंकाळी वैरण घालणे. ते काम त्या कथेत एकदाही पुरते होत नाही. वादळात तग धरण्याला 'रोजचे काम' म्हणणे हेही अखेर एक प्रकारचे शौर्यगीतच झाले.

दुसऱ्या कथेने ही उणीव पुष्कळशी भरून काढली आहे. 'कॅरिअन स्प्रिंग', म्हणजे मढ्यांचा वसंत, असे तिचे नाव. बर्फ वितळले आहे आणि माळभर दुर्गंधी सुटली आहे. रे हेन्रीची पत्नी मॉली हिने तो हिवाळा रँचवर काढला. आता तिला येथून जावयाचे आहे, आणि ती दोघे गाडीत बसून निघालीही आहेत. वाटेत नवरा सांगतो, की मालकांनी अंग काढून घेतले आहे, तर आपणच ही रँच घ्यावी. मॉलीने काय करावे? विस्टरच्या नायिकेचेही नाव मॉलीच होते. तिच्या वाट्याला विवाहानंतर डोंगरातील झऱ्याकाठचा एकांत आला, हिच्या वाट्याला कुजलेल्या गुरांमधून जाणारी ही वाट. हा नामसंयोग हेतुपुरस्सर आहे की नाही कोण जाणे, पण दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचणाऱ्यास तो बोलका वाटल्यावाचून राहत नाही. ती अखेर राहण्यास कबूल होते. तिचा होकार हा आनंदाचा नाही, पराभवाचाही नाही. मेलेल्या जनावरांमध्ये उभे राहून, पुन्हा जनावरे पाळू, असे म्हणण्यात जे धैर्य आहे ते वादळातील धैर्याहून निराळे. आणि आमच्या मते अधिक. म्हणूनच केवळ पहिली कथा वाचून थांबणाऱ्या वाचकाने अर्धाच स्टेग्नर वाचला असे आम्ही म्हणू.

वाचीत असता आम्हांस जी गोष्ट टोचली ती आता सांगतो, कारण ती आमच्या घरची आहे. मांसासाठी जनावर पाळणाऱ्या या लोकांकडे आपण काहीशा श्रेष्ठपणाने पाहतो. पण स्टुअर्टच्या त्या उद्गारांत मारण्याचा पश्चात्ताप नाही. उपाशी ठेवण्याचा आहे. जनावर आपले म्हटले की त्याची वैरण आपल्यावर आली, मग पुढे त्याला खाटकाकडे धाडा वा त्याच्या कपाळी कुंकू लावा. या मापाने आपण स्वतःस मोजले तर काय दिसते? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दावणी ओस पडल्या, पुढील दुष्काळांत जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. आणि सुकाळातही भाकड गाईच्या वैरणीचा प्रश्न आपण सोडविला आहे असे शहरातील कोणत्याही कचराकुंडीपाशी उभे राहून म्हणवत नाही. पूजेचे ताट घेऊन येणारे पुष्कळ. रोजची पेंढी कोणी टाकावयाची ते ठरलेले नसते. असो. विषय सस्कॅचेवानचा आहे, तिकडेच परतू.

१९०६-०७ नंतर त्या माळावरील मोठ्या कंपन्यांचा काळ मावळला. कुंपणे आली, लहान शेते आली, आणि गुरे राहिली ती ज्यांच्याजवळ गंजी होती त्यांच्याकडे. आज कॅनडाच्या त्या पठारी प्रांतांत गुरे पाळणारा शेतकरी वर्षातील सुमारे दोनशे दिवस साठविलेल्या चाऱ्यावर काढण्याच्या तयारीने राहतो. उन्हाळा त्याला हिवाळ्यासाठीच मिळालेला असतो. जून-जुलैत गवत व लसूणघास कापून वाळवावयाचा, त्याचे मोठमोठे गोल भारे यंत्राने बांधावयाचे. जव हिरवा असतानाच कापून त्याचा मुरघास करावयाचा. गाई बहुधा उघड्यावरच असतात, गोठ्यात नव्हे. त्यांना वाऱ्याच्या आड फळ्यांची भिंत हवी, आणि तीही भरीव नको. फळ्यांमध्ये थोडी फट ठेवली म्हणजे वारा मोडतो. भरीव भिंतीवरून तो उलटून आत कोसळतो आणि बर्फाचे ढीग गाईंच्याच अंगावर आणून टाकतो. अंगाखाली पेंढा हवा. कोणी शेतकरी जव-ओट कापून शेतातच ओळीने पडू देतात, विजेची तार पुढे पुढे सरकवीत जातात आणि गाई बर्फात नाक खुपसून ती ओळ खात पुढे सरकतात. यंत्राला तेल लागत नाही, आणि शेणही शेतातच पडते. पूर्वी पुष्कळ ठिकाणी माघाच्या कडाक्यात वासरे जन्मत आणि कान-शेपटी थंडीने झडून जाई. अनेकांनी आता वेताचा हंगाम एप्रिल-मेपर्यंत पुढे ढकलला आहे. शरद ऋतूत दूध तोडलेली वासरे हिवाळाभर वाळल्या गवतावर व मुरघासावर वाढतात. मग अल्बर्टातील लेथब्रिजच्या आसपास असलेल्या प्रचंड वाड्यांत जवावर पुष्ट केली जातात. गवतावरून धान्यावर आणताना घाई केली तर पोट आंबट होऊन जनावर दगावते, म्हणून हा पालट दोन-तीन आठवडे हळूहळू करावा लागतो. साधारण दीड वर्षाच्या वयात त्यांचे आयुष्य संपते. हे वाचताना आमच्या वाचकांस जे वाटेल ते आम्हांसही वाटले. पण मरणापूर्वीच्या त्या दीड वर्षात जनावर एक दिवसही उपाशी राहू नये म्हणून जी बुद्धी व जे कष्ट तेथे खर्ची पडतात, त्यांचेही वाङ्मय असावयास हवे की नको?

ते जवळजवळ नाही. पशुवैद्यकाची पुस्तके आहेत, शेतकी खात्यांची पत्रके आहेत, आणि काउबॉय तर अद्याप दौडतोच आहे. रोजचे काम हे वाङ्मयाचा विषय होऊ शकत नाही असे कोणी म्हणेल, तर त्याला आयर्लंडमधील जॉन कॉनेल यांचे 'द काउ बुक' (२०१८) दाखवावे. लाँगफर्ड परगण्यातील वडिलोपार्जित शेतावर हा तरुण लेखक परततो आणि एक हिवाळा-वसंत वासरे जन्माला घालण्यात, मुरघास टाकण्यात आणि बापाशी भांडण्यात घालवितो. तिकडील हिवाळा ओला, सस्कॅचेवानसारखा मारक नव्हे. पुस्तकात मधूनमधून गुरांच्या इतिहासाची जी प्रकरणे पेरली आहेत ती आम्हांस उसनी वाटली. परंतु पहाटे गोठ्यात हात घालून आडवे आलेले वासरू वळविण्याचा प्रसंग त्याने जेथे जेथे लिहिला आहे तेथे 'जेनेसिस'मधील वादळ फिके पडते. भांडण झाल्यावरही बापलेकांस सायंकाळी एकाच गोठ्यात वैरण घालावी लागते. यापरते नाट्य दुसरे कोणते हवे?

स्टेग्नर कुटुंबाचे ईस्टएंड येथील घर पुढे दुरुस्त करून लेखक-कलावंतांच्या मुक्कामासाठी राखण्यात आले. तेथे जाणारे बहुतेक उन्हाळ्यात जात असावेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आमची सूचना एवढीच, की एखाद्याने जानेवारीत जावे. फार दूर जावयास नको. गावाबाहेरच्या कोणत्याही शेतावर सकाळी उजेड पडण्याच्या सुमारास ट्रॅक्टर सुरू होतो, आणि त्याचा आवाज ऐकताच वाऱ्याच्या आडोशाला बसलेल्या गाई पाठीवरचे बर्फ न झटकता एकामागून एक उठू लागतात. ते बर्फ पाठीवर न वितळता तसेच असेल तर शेतकरी खूष असतो. आतली ऊब आतच आहे, असा त्याचा अर्थ.